एबीएस युनिट बदललं, तीनदा ब्लीडिंग झालं, तरी पेडल मऊच: हवा अडकलीय कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा कायमचा पेटला, पंपाची मोटर गेली असं निदान झालं आणि मेकॅनिकनं भंगारातून आणलेलं जुनं एबीएस युनिट बसवलं. पाईप सुटलेले असताना गाडी रात्रभर तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी चारही चाकांचं तीन वेळा ब्लीडिंग, म्हणजे ऑइल बाहेर सोडून लाइनमधली हवा काढणं, झालं, लिटरभर ब्रेक ऑइल संपलं. तरी पेडल अर्ध्याच्या खाली जातं आणि दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. मेकॅनिक म्हणतो, "एबीएसच्या गाडीचं पेडल असंच असतं, चालवा, बसेल हळूहळू." आणि तुम्ही विचारताय, चालवू का?

नका चालवू. नवे पॅड किंवा लायनर (डिस्कवर आणि ड्रमवर घासणारे भाग) बसायला थोडे किलोमीटर लागतात हे खरं, पण त्यानं पेडल अर्ध्याच्या खाली जात नाही. आणि "एबीएसच्या गाडीचं असंच असतं" हे तर साफ खोटं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. त्या सगळ्या गाड्या काय मऊ पेडलवर फिरतायत?

मी चिपळुणात बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. एबीएसची कामं पूर्वी वर्षाला दोन-चार यायची, आता आठवड्याला येतात. त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो: "एबीएसमध्ये हवा अडकलीय" असं म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हवा एबीएसमध्ये नसतेच. तुमच्या गाडीतही ती आधी दुसरीकडे शोधावी असं मला वाटतं. का, ते सांगतो.

एबीएस युनिट म्हणजे आमच्या कोकणातलं जुनं घर समजा. पुढे पडवी, आत माजघर, मध्ये कडी लावलेलं दार. प्रत्येक चाकासाठी युनिटमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला एरवी उघडा असतो, त्यातून मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचं, ऑइल सरळ चाकाकडे जातं. ही पडवी. दुसरा एरवी बंद असतो आणि त्याच्या मागे स्प्रिंग लावलेली एक छोटी कोठी आणि पंप असतो. हे माजघर. चाक लॉक होतंय असं कंट्रोलरला दिसलं की पहिला व्हॉल्व्ह बंद होतो, दुसरा उघडतो, चाकावरचा दाब माजघरात सुटतो आणि पंप ते ऑइल ओढून परत मास्टर सिलिंडरच्या बाजूला ढकलतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली जी धडधड जाणवते ती यातूनच येते.

आता साधं ब्लीडिंग करताना आपण काय करतो? पेडल दाबतो, चाकावरचं निपल (ऑइल बाहेर सोडायचं छोटं तोंड) उघडतो, ऑइल बाहेर येतं. हे ऑइल फक्त पडवीतून येतं. माजघराच्या दाराला कडी आहे, तिथे थेंबही हलत नाही. म्हणून कोरडं, म्हणजे आत ऑइल नसलेलं, युनिट बसवलं तर चार लिटर ऑइल ओतलंत तरी आतली हवा आतच राहते. "स्कॅनर लावून एबीएस ब्लीड करा" असं जे सांगतात ते यासाठी. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कंट्रोलरला जोडून हुकूम द्यायचं यंत्र, तो त्या बंद व्हॉल्व्हची कडी काढतो आणि पंप फिरवतो.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण कडी दोन्ही बाजूंनी असते, हे विसरलं जातं. माजघरात हवा असली तरी साध्या ब्रेकिंगला ती पायाला जाणवतच नाही, कारण पेडलचा दाब तिच्यापर्यंत पोचतच नाही. पेडल दगडासारखं लागतं. पहिल्यांदा एबीएस चालू झालं की कडी निघते, पंप ती हवा उचलून मुख्य लाइनमध्ये आणतो आणि मग पेडल जातं.

हे मला पुस्तकानं नाही, एका गिऱ्हाइकानं शिकवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सेडानला मी नवं कोरडं युनिट बसवलं. चारही चाकं ब्लीड केली, पेडल असं घट्ट लागलं की मीच खूश. स्कॅनर तेव्हा माझ्याकडे नव्हता, आणि पेडल घट्ट असताना तो लागतो कशाला, असा माझा हिशोब. चौथ्या दिवशी त्यांचा कुंभार्ली घाटातून फोन. पावसात वळणावर म्हैस आडवी आली, त्यांनी जोरात ब्रेक मारला, एबीएस धडधडलं, गाडी थांबली. म्हैस वाचली. पुढच्याच उतारावर ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल थेट तळाला. त्यांनी गियर खाली टाकून, हँडब्रेक ओढून, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घासत थांबवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "अहो, ब्रेकच नाहीयेत हो." त्या महिन्यात मी स्कॅनर घेतला.

तर आता तुमच्या गाडीकडे. तुमचं पेडल पहिल्या दिवसापासून मऊ आहे, आणि गाडी तुम्ही धड चालवलेलीही नाही, म्हणजे एबीएस चालू व्हायचा प्रसंगच आलेला नाही. याचा अर्थ तुमच्या पेडलचा दोष पडवीत आहे, किंवा तो हवेचा नाहीच. माजघरातली हवा त्याशिवाय वेगळी असेलच, ती काढावीच लागेल, पण ती काढून पेडल सुधारेल या भरवशावर स्कॅनरवाल्याकडे गेलात तर पैसे जातील आणि पेडल आहे तिथेच राहील.

हवा आहे की नाही हे आधी ठरवा. मागे ड्रम आहेत, म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. गाडी सपाट जागी, चाकांना गुटके लावून उभी करा. हँडब्रेक सोडून पेडल दाबा आणि किती खाली जातं ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक पूर्ण ओढून पुन्हा दाबा. आता पेडल बऱ्यापैकी वर लागलं, तर हवेचा दोष कमी आणि ड्रममधल्या लायनरच्या गॅपचा जास्त. लायनर ड्रमपासून लांब असले की मास्टर सिलिंडरचं बरंच ऑइल नुसता तो गॅप भरण्यात खर्च होतं. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येतं ते यातही येतं, म्हणूनच लोक फसतात. फरक पायाला कळतो. ड्रमचा गॅप असेल तर पंप केल्यावर पेडल वर येऊन टणक लागतं. हवा असेल तर वर येऊनसुद्धा स्प्रिंगसारखं दबत राहतं. ब्लीडिंग करताना तुमच्या मेकॅनिकनं मागचे ड्रम उघडले होते का, ते तुम्ही सांगितलेलं नाही. उघडले असतील तर माझा पहिला संशय तिथेच.

दुसरी चाचणी दोन माणसांची. ऑइलच्या टाकीचं झाकण काढून नुसतं वर ठेवा, घट्ट करू नका. एकानं पेडल भराभर पंधरा-वीस वेळा पंप करून शेवटी दाबून धरायचं, दुसऱ्यानं झाकण जरा उचलून आत बघायचं. मग पेडल एकदम सोडायचं. लाइनमध्ये हवेचा मोठा फुगा दबलेला असेल तर तो फुलतो आणि टाकीत ऑइलची चिळकांडी उडते. नसेल तर नुसती हलकी उकळी येते. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि ऑइल बॉनेटच्या रंगावर उडालं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल. आमच्याकडच्या पोरानं एकदा फडक्यानं नुसतं पुसलं. त्या पांढऱ्या गाडीच्या मडगार्डवर त्या फडक्याचा आकार अजून आहे.

तिसरी, इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोरानं अर्धा मिनिट दाबून धरा. इंजिन चालू होताना पेडल थोडं खाली जातं तो बूस्टरचा (पायाच्या दाबाला मदत करणारा भाग) जोर, त्याला घाबरू नका. पण त्यानंतर ते हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं सील आतून ऑइल सोडतंय किंवा तुमच्या जुन्या युनिटचा एखादा बंद व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. ही शंका मला उगाच येत नाही. तीन वेळा ब्लीडिंग म्हणजे पेडल निदान शंभरदा तळाला गेलं असणार. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील तळापर्यंत जात नाही, तिथे आत गंज आणि गाळ साचलेला असतो. त्यावरून घासलं की सीलची कड फाटते. म्हणून मी पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवूनच ब्लीडिंग करतो, पेडल तळाला जाऊच देत नाही.

समजा चाचण्यांवरून हवाच निघाली. तर माझा संशय मास्टर सिलिंडरवर आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: पाईप सुटलेले असताना गाडी रात्रभर उभी होती. टाकीतलं ऑइल थेंब थेंब गळून गेलं असणार आणि मास्टर सिलिंडर रिकामा झाला असणार. आम्ही युनिट काढायच्या आधी पेडल तीन-चार सेंटीमीटर दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये एक काठी अडकवतो. तेवढ्यानं टाकीकडून येणारं भोक मास्टर सिलिंडरच्या आत झाकलं जातं आणि ऑइल गळायचं थांबतं. ब्रेकचा दिवा पेटत राहून बॅटरी उतरेल ही भीती नको, नाहीतरी युनिटचा कनेक्टर काढताना बॅटरीची वायर काढायचीच असते. दोन मिनिटांचं काम, पण ते न केल्यानं पुढचा अख्खा दिवस जातो.

मास्टर सिलिंडरमधली हवा चाकावरून काढायला गेलं तर फार रडवते. मास्टर सिलिंडर आणि युनिट बॉनेटखाली उंचावर, चाक खाली. हवेला वर जायचं असतं आणि आपण तिला पेडल मारून खाली ढकलत असतो. एका दाबात फुगा हातभर खाली सरकतो आणि पेडल सोडलं की परत वर चढतो. म्हणून सुरुवात वरून करायची. मास्टर सिलिंडरच्या पाईपच्या नटभोवती फडकं गुंडाळा, आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरेल, तुम्ही नट अर्धा फेरा सैल करा, फसफस ऐकू येईल, पेडल सोडायच्या आधी नट घट्ट. दोन्ही पाईपना हे पाच-सहा वेळा, फसफस थांबून नुसतं ऑइल येईपर्यंत. मग तेच युनिटवर आत येणाऱ्या पाईपना, आणि मग बाहेर जाणाऱ्यांना. या नटांना साधा रिंग पाना बसत नाही आणि फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात. पाईप जिथून आत जाईल अशी फट असलेला रिंग पाना येतो, तोच वापरा. आमच्या खाऱ्या हवेत हे नट आधीच गंजलेले असतात, त्यामुळे आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतो.

त्यानंतर चाकं. आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पण हा क्रम पत्थर की लकीर नाही. बऱ्याच गाड्यांची लाइन तिरकी विभागलेली असते, पुढचं एक आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं एक अशी जोडी, आणि तिथे कंपनी वेगळा क्रम देते. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जे म्हणेल ते खरं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. "दाब", "धरलंय", "सोड", एवढेच तीन शब्द. "धरलंय" ऐकल्याशिवाय निपल उघडायचं नाही आणि निपल बंद झाल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही. या गडबडीत आलेली हवा मी जितकी पाहिलीय तितकी युनिटमुळे आलेली पाहिली नाही. दर सात-आठ दाबांनंतर टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

व्हॅक्यूमच्या बाटलीनं ओढत असाल तर एक चकवा आहे. निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत सोड्यासारखे बारीक बुडबुडे येतच राहतात, संपतच नाहीत. आट्यांना बाहेरून ग्रीस लावलं की ते थांबतात. खरी अडकलेली हवा बहुधा मोठ्या तुकड्यांत येते, नळीत बोटभर रिकामी जागाच दिसते.

पेडल टणक झालं की मग स्कॅनर, आधी नाही. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, कारण एबीएस पंपाची मोटर बराच करंट खाते आणि व्होल्टेज पडलं की प्रक्रिया मध्येच बंद पडते. स्कॅनर कुठलं निपल उघडायचं, कधी पेडल दाबायचं ते स्क्रीनवर सांगतो. पंप फिरतो, पेडल पायाला लाथ मारतं आणि अचानक खाली जातं, तेव्हा घाबरून पाय काढू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये मोटरला थंड व्हायला वेळ द्या. माजघरातली हवा आता पडवीत आलेली असते, म्हणून यानंतर चारही चाकं पुन्हा एकदा साध्या पद्धतीनं ब्लीड करायची. हा शेवटचा भाग घाईत गाळला जातो, आणि मग "स्कॅनर लावला तरी फरक नाही" अशी तक्रार येते.

स्कॅनर लावलेलाच आहे तर आणखी एक करून घ्या. जुनं युनिट बसवताना पाईप उलटसुलट लागले तर एबीएस भलत्याच चाकाचा ब्रेक सोडतं, आणि साध्या ब्रेकिंगला हे कधीच कळत नाही. गाडी स्टँडवर घ्या, गियर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला, एकानं ब्रेक दाबून धरायचा, स्कॅनरवरून एकेका चाकाचा व्हॉल्व्ह सोडायचा आणि तेच चाक हातानं फिरतंय का बघायचं. पुढच्या डाव्याला हुकूम दिला आणि उजवं फिरलं, तर पाईप अदलाबदल झालेत.

एबीएसचा कुठलाही भाग बदलला की एवढा खटाटोप लागतोच असं नाही. चाकाचा स्पीड सेन्सर बदलला तर ब्लीडिंग लागतच नाही, ती नुसती वायर आहे. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी) बदलला आणि टाकी रिकामी होऊ दिली नाही, तर त्या चाकाचं साधं ब्लीडिंग पुरतं. कॅलिपर मात्र डावा उजवीकडे लागला तर निपल खाली येतं आणि हवा वरच राहते, ते डोळ्यांनी बघून घ्या. नवी युनिटं काही कंपन्या आतून ऑइल भरून देतात, त्यांना बहुधा साध्या ब्लीडिंगवर भागतं. काही कोरडी येतात. तुमचं भंगारातलं, म्हणजे आत हवा आहे असंच धरून चाला.

भंगारातल्या युनिटबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. पाईपची भोकं बुचं लावून बंद केलेली होती का, हे मेकॅनिकला विचारा. उघडी असतील तर आत दमट हवा आणि धूळ गेलेली आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि त्यानंतर अशा गाड्यांची युनिटं उघडायची वेळ आली तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर मी स्वतः पाहिलाय. बुडालेल्या गाड्यांचे भाग विकत कुठे पोचतात ते कोण सांगणार. तुमच्या युनिटचा कनेक्टर काढून पिना बघा. हिरवं दिसलं तर ब्लीडिंगवर आणखी खर्च करू नका. शिवाय युनिट तुमच्याच मॉडेलच्या त्याच प्रकारचं आहे का आणि त्याला कोडिंग (युनिटला तुमच्या गाडीची माहिती भरणं) लागतं का, हेही स्कॅनरवाला सांगेल.

"स्कॅनर नको, कच्च्या रस्त्यावर चार वेळा जोरात ब्रेक मारा, एबीएस आपोआप फिरेल, मग पुन्हा ब्लीड करा," असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ऑइल भरून आलेल्या युनिटला तो एखाद वेळी चालून जातो. कोरड्या युनिटला, मऊ पेडल असताना, म्हणजे कुंभार्ली घाटाची रंगीत तालीम.

ऑइल टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, बहुधा डॉट ४ किंवा डॉट ३ (हे ब्रेक ऑइलचे प्रकार). डॉट ५ मात्र कधीही नको, ते सिलिकॉनचं असतं आणि एबीएसमध्ये फेसाळतं. डबा ताजा, बंद असलेलाच घ्या. डॉट ४ कोरडं, म्हणजे पाणी न मुरलेलं, असताना किमान २३० अंश सेल्सिअसवर उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. पावसाळ्यात अर्धा उघडा राहिलेला डबा म्हणजे पाणी विकत घेण्यासारखंच.

सगळं झाल्यावर पहिली चाचणी घाटात किंवा हायवेवर नको. मोकळ्या मैदानावर, मातीवर, ३० च्या आसपास वेग, कोणी आडवं येणार नाही अशा जागी. जोरात ब्रेक मारा, धडधड होऊ द्या, गाडी थांबू द्या. मग जागेवरच पेडल सोडून पुन्हा दाबा. आधी होतं त्याच उंचीवर, तितकंच टणक लागलं तर माजघरातली हवा निघालीय, गाडी घेऊन घरी जा. खाली गेलं तर तिथूनच टो करून परत गॅरेजला.

हँडब्रेकवाली चाचणी मात्र आज अंगणातच होईल. ती करून पेडल किती बदललं तेवढं कळवा, स्कॅनरवाल्याकडे जायचं की आधी मागचे ड्रम उघडायचे ते त्यावर ठरेल.